छोट्या शाळेची सायबर सुरक्षा: १० हजारांत अँटिव्हायरस घ्यावा का?

सर, तुमची शाळा १८० पटाची, ऑफिसात दोन संगणक, आणि संस्था वर्षाला फार तर १० हजार देईल. त्यात अँटिव्हायरस कोणता बसेल, असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते कोणताच घेऊ नका. विंडोजमध्ये आधीपासूनच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू असला आणि अपडेट होत असला, तर ऑफिसच्या कामाला पुरतो. पैसे दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्कांवर घाला.

हे मी ठेच लागून शिकलो. मी शिक्षक, पण ‘सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून ऑफिसची मशीन माझ्या गळ्यात. ऐन जूनमध्ये, दाखल्यासाठी पालकांची रांग लागलेली असताना एकही फाईल उघडेना. सगळ्यांच्या नावांना भलतंच शेपूट लागलेलं आणि शेजारी पैसे मागणारी चिठ्ठी. मराठी टायपिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कोणीतरी टाकलं होतं. ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता, तोही पैसे भरून घेतलेला! बॅकअपची डिस्क होती, पण वर्षभर मशीनलाच लावलेली, त्यामुळे तीही गेली. आम्हाला तारलं ते जनरल रजिस्टरने. ते कागदावर होतं म्हणून दाखले हाताने लिहून देता आले. निकालपत्रकं पुन्हा टाईप करण्यात मात्र दोघांची दिवाळीची सुट्टी गेली.

म्हणून डिस्का दोन. एक दर शनिवारी शाळा सुटताना लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात. दुसरी महिन्यातून एकदा भरायची आणि शाळेबाहेर, मुख्याध्यापकांच्या घरी ठेवायची. अधूनमधून त्यातली एखादी फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आणि क्लार्कच्या रोजच्या लॉगिनला ॲडमिनचे, म्हणजे सॉफ्टवेअर टाकण्याचे, अधिकार देऊ नका. आमच्याकडे ते नसते, तर ते क्रॅक बसलंच नसतं.

पुढचं काम फुकटातलं आहे, पण त्यात माणसं दुखावतात. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ, या सगळ्या सरकारी पोर्टलना एकच पासवर्ड, आणि तो क्लार्कच्या टेबलावरच्या काचेखाली. नेट गेलं की कोणीतरी सायबर कॅफेत जाऊन माहिती भरतं आणि ‘पासवर्ड सेव्ह करू?’ला हो म्हणून येतं. त्यात मुलांच्या जन्मतारखा आहेत, आधार आहे. अमेरिकेतल्या पॉवरस्कूल या बड्या कंपनीकडून डिसेंबर २०२४ मध्ये लाखो विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली, ती चोरलेल्या लॉगिनवरूनच. तेव्हा प्रत्येक पोर्टलला वेगळा, लांब पासवर्ड ठेवा. वहीत लिहून वही कुलपात ठेवलीत तरी माझी हरकत नाही. काचेखालच्या चिठ्ठीपेक्षा बरं. शाळेच्या ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोडही लागेल. कोणी निवृत्त झालं की निरोप समारंभाच्या दिवशीच पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाईल नंबर बदला. आमच्याकडे कितीतरी दिवस ओटीपी निवृत्त सरांच्या फोनवर जायचे आणि ते असायचे शेतात.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधारचे फोटो मागवणं बंद करा. ‘चलन’ किंवा ‘निकाल’ नावाची एपीके (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली तर उघडायची नाही, हे पालकसभेतही सांगा. कोणाचे पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

लॅबसाठी राउटरच्या डीएनएसमध्ये (साईटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेटिंगमध्ये) १.१.१.३ टाका. क्लाउडफ्लेअरची ही सेवा फुकट आहे, घातक आणि अश्लील साईट बऱ्याच अडवते.

तुमच्या मशीनवर विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि बऱ्याच जुन्या मशीन विंडोज ११ घेत नाहीत. लॅबच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून मोकळे व्हा. ऑफिसच्या दोन्ही मशीन कोणत्या सालच्या आहेत ते कळवा, मग त्यांचं बघू.