बेडूक बादलीत का बसला?

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी चित्रं खूप काढते. तिला अनुप्रास समजावताना मी 'एकाच अक्षराची पुनरावृत्ती' असं सांगितलं, तर ती कंटाळली. काय करू?

उत्तर : व्याख्या राहू द्या, पेन्सिल हातात घ्या. मी लहान मुलांना शिकवताना आधी एक बेडूक काढते. मग विचारते, "हा कुठं बसलाय?" कुणी 'पाण्यात' म्हणतं. मी मान हलवते आणि त्याच्याखाली बादली काढते. मग हातात बासरी, शेजारी बदक. 'बेडूक बादलीत बसून बदकासाठी बासरी वाजवतो.' एकदा एक मुलगा म्हणाला, "वाजवतो बसत नाही!" त्या दिवशी मला फार आनंद झाला, कारण त्याचा कान जागा झाला होता. 'वाजवतो' तसंच राहू द्यावं. प्रत्येक शब्द जुळवायचा हट्ट धरला की वाक्य मरतं.

नंतर चित्रातली एकच वस्तू तिला बदलू द्या. बादली खोडून बशी काढली, तर बेडूक केवढासा होतो! हे चित्रातच कळतं.

एक मात्र सांभाळा. अनुप्रास कानाचा असतो. 'चिमणी' आणि 'चोर' यांत अक्षर एकच, उच्चार वेगळे. म्हणून चिमणीला चित्त्याच्या पाठीवर बसवा, चोराच्या हाती चाक द्या. शब्द चित्राखाली शेवटी लिहा, आधी मोठ्यानं म्हणू द्या.