६० हजारांत टॉवर स्पीकर कुठले घ्यावेत? सिनेमा आणि गाणी दोन्हीसाठी हवेत

तुमचं म्हणणं असं, की रिसिव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायरचा डबा) घरात आहे, हॉल बारा बाय चौदा, पुढच्या जोडीसाठी ६० हजार बाजूला काढलेत आणि टॉवरच (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) हवेत, कारण ‘मग सबवूफरचा (फक्त बेससाठीच्या वेगळ्या पेटीचा) खर्च वाचतो’. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तराच्या भानगडीत पडलोच नसतो. शब्दाला शब्द हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी आमच्या भावोजींनी मला ऐकवलं होतं. त्याची किंमत मी दोनदा मोजली आहे.

भावोजी पुण्याला असतात. आवाजाच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा, का ते कुणालाच ठाऊक नाही. ‘अरे, सबवूफर म्हणजे डब्यातला ढोल. टॉवर घे. उंची असली की बेस आपोआप येतो.’ मी घेतले.

आमचं घर फोंड्याजवळ, जुनं, चिऱ्याचं. पुढची वसरी बंद करून तिचा हॉल केलाय. तोही बारा बाय चौदाच, खाली टाइल्स, भिंतींना गिलावा. मऊ म्हणावं असं खोलीत दोनच गोष्टी, सोफ्याची गादी आणि मांजर. दुकानात ते टॉवर ऐकले तेव्हा अंगावर काटा आला होता. पण तिथली ऐकायची खोली आमच्या हॉलच्या तिप्पट, खाली गालिचा, स्पीकर भिंतीपासून चांगले चार फूट पुढे. मी घरी आणून दोन कोपऱ्यांत उभे केले. मधे टीव्हीचं कपाट, आणि आईचा हुकूम की चालायच्या वाटेत काही नको.

पहिल्या दिवशी सिनेमा लावला. पडद्यावर स्फोट झाला की शोकेसमधले पेले किणकिणायचे, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी बाबांनी अभिषेकीबुवा लावायला सांगितले. मंगेशी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बुवा त्यांना घरचेच. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘तंबोरा कुठे गेला?’

तंबोरा खरंच नव्हता. डग्ग्यावर थाप पडली की मागून गोधडी ओढल्यासारखा एक आवाज यायचा आणि तंबोरा त्या गोधडीखाली गुडुप. भावोजींना फोन केला. निदान तयारच होतं: ‘ॲम्प कमी पडतोय.’ मग आणखी २८ हजारांचा वेगळा पॉवर ॲम्प आला. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गोधडी तीच राहिली, थोडी जाड झाली.

मग चवथ (गणेश चतुर्थी) आली. गणपती आमच्याकडे त्याच हॉलमध्ये बसतो, वर माटोळी (फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट). कोपऱ्यातून लोकांना ये-जा करायला वाट हवी, म्हणून काकांनी आणि मी टॉवर उचलून भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे आणले. एकावर फुलांची परडी, दुसऱ्यावर कापराचा डबा. सोफाही मागच्या भिंतीपासून सरकला, कारण त्याच्या मागे केळीचे घड टेकवले होते. रात्री आरत्या झाल्या. घुमट (मडक्याचं चर्मवाद्य) मी वाजवतो, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) चुलतभाऊ, कासाळे (झांजा) पोरांकडे. भाच्याने छोट्या रेकॉर्डरवर सगळं टिपलं आणि जेवणं झाल्यावर टॉवरवर लावलं.

माझंच घुमट मला ओळखू आलं. थाप वेगळी, घुमारा वेगळा, आणि मधे मी हात उचलायला उशीर केला होता तेही ऐकू आलं. कासाळ्यांची किणकिण त्यावर स्वच्छ तरंगत होती. बाबा पानाला चुना लावत होते, तो हात तसाच थांबला. भावोजीही चवथीला आलेले. ते म्हणाले, ‘बघ, नवा ॲम्प आता सेट झाला.’

विसर्जन झालं, टॉवर परत कोपऱ्यात गेले, गोधडी परत आली. ॲम्प तोच होता ना!

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर. ३४३ भागिले त्याची दुप्पट, आले ४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४० कंपनं. बारा फुटांच्या बाजूचे आले ४७. म्हणजे माझी खोली स्वतःच या दोन सुरांवर घुमते, कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर त्या घुमण्याला सगळ्यात जास्त चिथावतो आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर ते सगळ्यात जोरात ऐकू येतं. तुमची खोली याच मापाची, तेव्हा हेच आकडे तुमचेही.

आणि तो ‘उंची असली की बेस येतो’चा मुद्दा. घुमट बघितलं असेल तर हे पाच मिनिटांत कळतं. मडक्याच्या मोठ्या तोंडावर चामडं (पूर्वी घोरपडीचं, आता बंदी असल्यामुळे बकऱ्याचं), धाकटं तोंड उघडं. उजव्या हाताने थाप मारायची आणि डाव्या तळव्याने धाकटं तोंड झाकत-उघडत राहायचं. झाकलं की सूर एक, उघडलं की दुसरा. स्पीकरच्या पेटीला मागे किंवा पुढे जी नळी असते ती म्हणजे हे धाकटं तोंड. आतल्या हवेचं आकारमान आणि नळीची लांबी-रुंदी यांवर ठरतं, कुठल्या सुरावर घुमणार. त्या सुराखाली स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) नुसता फडफडतो. मी घुमट भावोजींच्या हातात देऊन हे दाखवलं. ते म्हणाले, मडकं वेगळं आणि मशीन वेगळं. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, भावोजींनी अजून केलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

तुमच्या बजेटमधले बहुतेक टॉवर पाच-साडेसहा इंची वूफरचे (बेस वाजवणाऱ्या कोनाचे). माहितीपत्रकात ‘३५ हर्ट्झपासून’ लिहिलेलं असतं, पण किती डेसिबलच्या फरकात ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा शोभेचा. धरून चाला की ४५-५०च्या खाली जोर ओसरतो. गाण्याला तेवढं पुरतं. नाट्यसंगीत, भावगीत, ख्याल यांत त्याखाली फारसं काही नसतंच. केसरबाई, मोगूबाईंच्या जुन्या तबकड्यांत तर बेस शोधायलाच जाऊ नका. सिनेमाचं तसं नाही. त्यातला भूकंप, हेलिकॉप्टर २०-३०पर्यंत उतरतात, तिथे डब्यातला ढोलच लागतो. म्हणून टॉवर घेतला की सबवूफर वाचतो हे सिनेमापुरतं चूक आहे आणि या किमतीत तर साफ चूक.

मी तुमच्या जागी असतो तर साडेसहा इंची वूफरचे चांगले बुकशेल्फ (फळीवर मावतील एवढे छोटे स्पीकर), भक्कम स्टँड आणि उरलेल्या पैशांत दहा इंची सबवूफर. रिसिव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याखालचा बेस सबवूफरकडे जातो. टॉवर घेतले तरी हेच सेटिंग, फक्त एवढे पैसे मोजून ‘स्मॉल’ निवडायचं जीवावर येतं. सबवूफरचा मोठा फायदा हा, की तो स्पीकरपासून वेगळा हलवता येतो. तुम्ही बसता त्या जागी तो ठेवायचा, गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे बेस साफ वाटेल तिथे त्याची कायमची जागा. घरचे हसतील, हसू दे.

टॉवरच हवेत तर सोनीचा एसएस-सीएस३ आणि पोल्क, व्हार्फडेल, जामो, डाली यांच्या खालच्या मालिका ऐकून बघा. कुठला ते मी सांगणार नाही. भाव दर महिन्याला बदलतात आणि भिंतीपासून अडीच फूट पुढे आणायची तुमच्या घरात परवानगी आहे की नाही, त्यावर सगळं अवलंबून. नसेल तर नळी पुढच्या बाजूला असलेला बघा, थोडा फरक पडतो, पण कोपऱ्यातली घूम त्याने जात नाही. सेंटर स्पीकर त्याच मालिकेतला घ्या, कारण सिनेमातले संवाद बहुतेक त्याच्यातूनच येतात.

आमच्याकडच्या हवेच्या दोन गोष्टी. वूफरच्या कडेला फोम असेल तर घेऊ नका, दमट हवेत तो काही वर्षांत भुगा होतो, रबर टिकतं. आणि लादी पुसताना पाणी पेटीच्या तळाला लागलं की एमडीएफ (पेटीचा दाबलेल्या भुशाचा बोर्ड) फुगतो. मी ओट्याचे उरलेले ग्रॅनाइटचे दोन तुकडे खाली घातलेत.

नळीत बॅटरी मारून बघायची सवय लावा. दोन वर्षांपूर्वी डावा टॉवर अचानक कोरडा वाजायला लागला. मी तारा बदलल्या, ॲम्प उघडला, भावोजींचा सल्लाही घेतला (‘नवीनच घे’). शेवटी मागून बॅटरी मारली तर कुंभारीण माशीने नळीत लिंबाएवढं मातीचं घरटं करून ठेवलेलं. चमच्याच्या दांड्याने खरवडून काढलं. आता दोन्ही नळ्यांवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावलाय.

तुम्ही विचाराल, मग एवढं असून टॉवर विकले का नाहीत. विकले नाहीत. पुढे ओढलेत, आईने वाट सोडली, गेल्या वर्षी सबवूफर आणला आणि तंबोरा परत आला. पॉवर ॲम्प मात्र माळ्यावर आहे, कुणाला हवा असेल तर सांगा. मोठा, स्वयंपाकघराकडे उघडा असलेला हॉल असता तर मी कदाचित टॉवरच्या बाजूने बोललो असतो. लहान खोलीचा अनुभव आहे म्हणून लहान खोलीचंच बोलतोय.

ताईने फोनवर सांगितलं, पुण्याला त्यांच्या सोफ्यामागे चौकोनी काळं खोकं आहे, वर टेबलक्लॉथ घालून दिवा ठेवलाय. ‘मी सांगितलं असं म्हणू नकोस.’ भावोजी इथे नसतात, म्हणून लिहितोय.

राहता राहिलं, मे संपताना वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा, आणि सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची वायरसुद्धा. माझ्या रिसिव्हरचे एचडीएमआय पोर्ट प्लग काढलेला असतानाही जळाले, त्या डिशच्या वायरीतून, टीव्हीमार्गे.