मलाक्का बंद करून किंवा तिथे टोल लावून इंडोनेशिया चीन-अमेरिकेला वाकवत का नाही?

प्रश्नाचा रोख कळला. जगाच्या व्यापाराची नाडी हातात असून हा देश असा मुळमुळीत का वागतो, हेच ना? हा सूर ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण त्यामागे एक समज असतो: समुद्र म्हणजे रस्ता, बेट म्हणजे नाका, आणि नाक्यावर जो बसेल तो मालक.

आधी सरळ उत्तर. मलाक्का, म्हणजे सुमात्रा आणि मलेशियामधली चिंचोळी सामुद्रधुनी, एकट्या इंडोनेशियाची नाही, टोलला कायदा आडवा येतो, आणि असं काही केलंच तर इंडोनेशियाला आपल्याच समुद्राचा सातबारा फाडावा लागेल. हा तिसरा मुद्दा कोणी लक्षातच घेत नाही, म्हणून तोच जरा लांबवतो.

डच राजवटीच्या १९३९च्या वटहुकमानुसार प्रत्येक बेटाभोवती फक्त ३ सागरी मैल पाणी त्या बेटाचं होतं. पलीकडे सगळा खुला समुद्र. म्हणजे जावा आणि बोर्निओच्या मधून परकी युद्धनौका बिनदिक्कत जाऊ शकत होती, तेही पश्चिम न्यू गिनीवरून डचांशी भांडण पेटलेलं असताना. वावरं आपली, पण मधली सगळी जागा गायरान, अशी गत. १३ डिसेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जुआंडा यांच्या सरकारने जाहीर केलं: सगळ्यात बाहेरच्या बेटांची टोकं सरळ रेषांनी जोडा, रेषांच्या आतलं पाणी आमचं, आणि रेषेबाहेर आणखी १२ मैल प्रादेशिक समुद्र. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, सगळ्यांनी निषेध खलिते धाडले. पण त्याच घोषणेत एक वाक्य होतं, परकी जहाजांची निरुपद्रवी ये-जा चालू राहील. ते वाक्य नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढची पंचवीस वर्षं मोख्तार कुसुमाआत्माजा, हाशिम जलाल यांच्यासारख्या कायदेपंडित-मुत्सद्दी मंडळींनी शेजाऱ्यांना एकेक करून पटवलं. नौदल दाखवून नाही, प्रत्येकाची अडचण ओळखून. मलेशियाचं उदाहरण घ्या. त्याचे दोन तुकडे, द्वीपकल्प आणि सबाह-सारवाक, आणि इंडोनेशियाच्या नव्या रेषा बरोबर त्यांच्या मधून जाणार. मग १९८२ च्या फेब्रुवारीत करार झाला: पाणी इंडोनेशियाचं, पण त्यातून मलेशियाची जहाजं-विमानं ये-जा करतील आणि तिच्या कोळ्यांचे ठरावीक भागातले पारंपरिक हक्क राहतील. त्याच वर्षी १० डिसेंबरला मॉन्टेगो बे इथे समुद्र कायद्याच्या करारावर सह्या झाल्या आणि ‘द्वीपसमूह राष्ट्र’ ही कल्पना त्याच्या चौथ्या भागात आली.

तिथली मापं मुद्दाम देतो, कारण ती कोणाला डोळ्यापुढे धरून कापली आहेत हे लगेच दिसतं. एक रेषा १०० सागरी मैलांपर्यंत. एकूण रेषांपैकी ३ टक्के रेषा १२५ पर्यंत चालतील. आतल्या पाण्याचं जमिनीशी प्रमाण १:१ ते ९:१. खालची मर्यादा ब्रिटन-जपानसारख्या मोठ्या भूभागवाल्यांना बाहेर ठेवते, वरची मर्यादा अथांग पाण्यात विखुरलेल्या चार ठिपक्यांना. आणि कलम ४६ प्रमाणे देश संपूर्णपणे बेटांचाच हवा. ‘अंदमान-निकोबारमुळे आपणही द्वीपसमूह राष्ट्र’ असं लिहिणाऱ्यांनी हे कलम वाचावं. खंडावर पाय असलेल्या देशाला हा दर्जा मिळत नाही.

आता सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना. पाण्याची मालकी मिळाली, त्या बदल्यात वहिवाट द्यावी लागली, आणि ती साधी नाही. नेहमीच्या निरुपद्रवी ये-जा नियमात पाणबुडीला वर येऊन झेंडा दाखवावा लागतो, विमानाला हक्कच नसतो, आणि सुरक्षेसाठी किनारी देश ठरावीक भाग तात्पुरता बंद करू शकतो. तोही सगळ्यांना सारखाच. एका झेंड्याला अडवून दुसऱ्याला सोडता येत नाही. नेमलेल्या सागरी मार्गावर मात्र पाणबुडी बुडालेलीच जाते, विमानं वरून उडतात आणि मार्ग बंद करताच येत नाही. जहाजाने मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना २५ मैलांपलीकडे सरकायचं नाही. मार्ग चिंचोळा असेल तर दोन्ही काठच्या बेटांमधल्या अंतराच्या १० टक्क्यांहून किनाऱ्याच्या जवळ जायचं नाही. लोंबोक सामुद्रधुनीच्या दक्षिण तोंडाशी रुंदी साधारण २० किलोमीटर, म्हणजे काठापासून २ किलोमीटर सोडून चला.

इंडोनेशियाने असे तीन उत्तर-दक्षिण मार्ग आखले. पहिला सुंदा-करिमाता सामुद्रधुन्यांमधून, दुसरा लोंबोक-मकास्सर सामुद्रधुन्यांमधून, तिसरा मालुकू आणि बांदा समुद्रातून, त्याला दक्षिणेला फाटे. १९९६ मध्ये प्रस्ताव, १९९८ च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची मान्यता, २००२ च्या अखेरीस अंमल. पूर्व-पश्चिम मार्ग मुद्दाम नेमला नाही, कारण तो जावा समुद्रातून, देशाच्या दाराशीच जातो. पण घोळ असा की करारातच लिहिलंय, मार्ग नेमले नसतील तिथे नेहमीच्या वापरातल्या मार्गांवर हाच हक्क चालेल. मान्यताही ‘अंशतः’ म्हणूनच मिळालेली. त्यामुळे जकार्ता म्हणते तीनच मार्ग, वॉशिंग्टन म्हणतं चौथाही आहेच. अंमल सुरू होऊन सहा महिने होतात न होतात तोच, ३ जुलै २००३ ला, जावा समुद्रातल्या बावेआन बेटाजवळ अमेरिकी नौदलाची एफ-१८ आणि इंडोनेशियाची दोन एफ-१६ विमानं समोरासमोर आली. गोळी सुटली नाही. चौथा मार्ग आजही कागदावर नाही. माझं मत विचाराल तर हा घोळ इंडोनेशियाला सोयीचा आहे: मार्ग नेमला की हक्क पक्का होतो, न नेमता प्रत्येक वेळी हरकत नोंदवता येते.

बरं, टोल. मलाक्का इंडोनेशियाच्या रेषांच्या बाहेर, मलेशिया आणि सिंगापूरच्या शेजाराने पडते. तिला आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीचे नियम लागतात आणि ती ये-जाही थांबवता येत नाही. नुसत्या जाण्याबद्दल पैसे घेता येत नाहीत, प्रत्यक्ष दिलेल्या सेवेचे घेता येतात. डेन्मार्क शतकानुशतकं आपल्या सामुद्रधुनीवर कर घेत होता, तो १८५७ मध्ये एकरकमी भरपाई घेऊन सोडावा लागला. सुएझ-पनामाचं उदाहरण देऊ नका, ते खणलेले कालवे आहेत. मलाक्कात दीपस्तंभ-बोयांच्या देखभालीला २००७ पासून ऐच्छिक वर्गणीची व्यवस्था आहे, बस. बाकी शिस्त कडक: मोठ्या जहाजाच्या तळाखाली ३.५ मीटर पाणी राहिलंच पाहिजे. ज्या टँकरना ते जमत नाही ते लोंबोकला वळतात. सुंदाची पूर्वेकडची बाजू उथळ, तिथे त्यांचं काम नाही.

बंद करण्याचा प्रयोग झालेला आहे. १९८८ च्या सप्टेंबरात सुंदा आणि लोंबोक नौदलाच्या सरावासाठी तात्पुरत्या बंद केल्या, लगेच अमेरिका-ऑस्ट्रेलियाचे निषेध आले. आणि अडवणार तरी कोणाला? झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीक, खलाशी फिलिपिनो, तेल अर्धं जपानचं. स्वतःच्या बंदरातला माल अडवता येतो, पण तेही किती दिवस? २८ एप्रिल २०२२ ला पामतेलाची निर्यात बंद केली, आपल्याकडे वडेवाल्यापासून फरसाणवाल्यापर्यंत सगळे हवालदिल झाले. पण तिकडे टाक्या भरल्या, शेतकऱ्यांची फळं पडून राहिली, आणि २३ मेला दार उघडावं लागलं.

खरं राष्ट्रहित दक्षिण चीन समुद्राच्या काठच्या नाटुना बेटांकडे आहे. त्या समुद्रावर दावा सांगणारी चीनची नऊ तुटक रेघांची रेषा तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रावर, म्हणजे किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतच्या मासे-खनिजांच्या हक्काच्या पाण्यावर, चढते. तिच्याविरुद्ध जकार्ताचं एकमेव धारदार हत्यार म्हणजे हाच समुद्र कायद्याचा करार. ८ जुलै २०१० च्या खलित्यात तिने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की या रेषेला कायद्याचा आधार नाही. मार्च २०१६ मध्ये इंडोनेशियाने ताब्यात घेतलेली चिनी मासेमारी बोट चिनी तटरक्षक जहाजाने धडक देऊन सोडवली आणि बीजिंग म्हणालं ‘पारंपरिक मासेमारीची जागा’. जकार्ताचं उत्तर, असा शब्दच करारात नाही. ‘आमचा चीनशी सीमावादच नाही’ हे तिचं पालुपद भित्रेपणाचं वाटतं, पण बांधावर वाद आहे असं एकदा कबूल केलं की मोजणी दोघांच्या अर्जावर होते. म्हणूनच ९ नोव्हेंबर २०२४ च्या राष्ट्राध्यक्ष प्राबोवो आणि शी जिनपिंग यांच्या संयुक्त निवेदनात ‘परस्परांवर येणाऱ्या दाव्यांच्या भागात संयुक्त विकास’ हे शब्द शिरले, ती मला घोडचूक वाटते. दोनच दिवसांत परराष्ट्र खात्याने खुलासा केला, पण शब्द कागदावर राहिले. आता हाच देश सुंदामध्ये कराराला लाथ मारून नाटुनात त्याच कराराची शपथ कशी घेणार?

एक-दोन गोष्टी राहिल्या. वरचं सगळं शांततेतलं. युद्धात तटस्थता आणि नाकेबंदीचे नियम वेगळे चालतात. अमेरिकेने हा करार स्वीकारलेलाच नाही, ती तो रूढी म्हणून मानते, सोयीने. तुर्कस्तानच्या बोस्पोरसचा दाखला देणार असाल तर तिथलं शुल्क १९३६ च्या माँत्रो करारातून येतं, तेही सेवांचं.

आणि ‘आपण अंदमानातून मलाक्का बंद करू’वाल्यांना, ज्यांच्याशी माझं हे भांडण जुनं आहे: इंदिरा पॉइंटपासून सुमात्राकडचं रोंडो बेट सुमारे ८८ सागरी मैल. दोन्हीकडचे बारा-बारा मैल वजा करा. मधे साठहून जास्त मैल पाणी उरतं, जिथे जहाज थांबवायचा हक्क ना आपला ना त्यांचा. तिथल्या समुद्रतळाची वाटणी भारत-इंडोनेशियाने १९७४ आणि १९७७ मध्ये करून टाकली. वरच्या पाण्यातल्या आर्थिक क्षेत्राची रेषा अजून बोलण्यातच आहे.