मनोऱ्यावरच्या घड्याळाला मिनिटकाटा आहे का?

प्रश्न : नमस्कार, मी एक जादूवाली फॅन्टसी कादंबरी लिहितेय, अर्धी झालीये. त्यात किल्ले आहेत, डोक्यापासून पायापर्यंत पोलादी चिलखत घातलेले सरदार आहेत, तलवारी, घोडे, सगळं नेहमीचंच. राजधानीत उंच मनोऱ्यावर घड्याळ आहे, सराईला मोठ्ठी काचेची खिडकी आहे जिथे बसून नायिका रस्ता बघते, जादूच्या विद्यापीठात हजारो पुस्तकं आहेत आणि गरीब लोक बटाटे खातात. तिसऱ्या प्रकरणात खुनी 'बरोबर सात मिनिटांनी' दार उघडतो, आणि एका प्रसंगात नायिका दुसऱ्या दाराचा स्क्रू काढून तुटक्या कुलपाला बसवते आणि जीव वाचवते. बंदूक-तोफ कुठेच नाही. आगीचे गोळे फेकणारे आणि जखमा भरणारे जादूगार आहेत, पण हजार माणसांत एखादाच. तिघा मित्रांना वाचायला दिलं तर एक म्हणाला हे बारावं शतक, दुसरा म्हणाला अठरावं, तिसरा म्हणाला जादू आहे ना, मग शतक कशाला शोधायचं? असं काही ठरवता येतं का, आणि येत असेल तर कशावरून?

उत्तर : तिसऱ्या मित्राला आधी बाजूला बसवू, कारण त्याचं म्हणणं तुमच्याच आकड्याने खोटं ठरतं. हजारात एक जादूगार म्हणजे तीनशे वस्तीच्या गावात बहुतेक एकही नाही, वीस हजारांच्या सैन्यात वीस. म्हणजे गावातल्या बाईचं मडकं, तिचा विळा, तिच्या अंगावरचं कापड हे सगळं हातानेच बनलंय, जादूने नाही. त्यामुळे शतक शोधायचं असेल तर राजवाड्यात जाऊच नका, तिथे जादूने काहीही आणता येतं. सगळ्यात गरीब घरात शिरा आणि तिथल्या वस्तू मोजा, त्या खोटं बोलत नाहीत.

आता बटाटा. वाचक सगळ्यात जास्त यावरच भांडतात आणि माझ्या मते याचाच काही उपयोग नाही. आपल्या जगात बटाटा अमेरिका खंडातला, १४९२ नंतर तो बाहेर पडला, पण तुमच्या जगात अमेरिकाच नाही तर बटाटा कुठेही उगवो. झाड म्हणजे टेक्नॉलॉजी नव्हे. तो राहू द्या.

पण चिलखत मात्र बघा. आपल्या डोक्यात पूर्ण पोलादी चिलखत म्हणजे जुनं आणि तोफ म्हणजे नंतरची असं पक्कं बसलंय, आणि ते उलटं आहे! युरोपात तोफेचं चित्र १३२६ च्या हस्तलिखितात सापडतं आणि डोक्यापासून पायापर्यंतचं पत्र्याचं चिलखत त्याच्यानंतर, साधारण १४०० च्या आसपास, पूर्ण रूपाला येतं. बाराव्या शतकातला सरदार कड्यांची जाळी घालायचा. म्हणजे तुमचा पहिला मित्र तिथेच बाद, आणि वर तुम्हाला हेही सांगायला हवं की चिलखत आहे तर तोफ का नाही.

याचं उत्तर तुमच्याच जगात पडलंय आणि मला ते फार आवडलं. बंदुकीची दारू नवव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये सापडली ती बहुतेक अमर होण्याचं औषध शोधणाऱ्या किमयागारांच्या खटपटीतून, सोरा, गंधक, कोळसा हे सगळं कालवून बघता बघता. तुमच्याकडे तर जखमा भरणारी माणसं खरीखुरी आहेत, मग दाढी जाळून घेत ही मिश्रणं कोण करत बसेल? आणि समजा कोणी केलंच, तरी समोरच्या सैन्यात लांबून ठिणगी टाकू शकणारे वीस जण उभे असताना दारूची पिंपं गाड्यांवर लादून रणांगणात कोण आणेल? पहिल्याच लढाईत स्वतःचीच फौज उडेल. म्हणजे तोफ नसणं ही चूक नाही, पण तुम्ही ते कादंबरीत कुठेतरी म्हणा, वाचक मनाने लावून घेईल असं धरून बसू नका.

इथेच मुख्य गोष्ट सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. कुठलंही यंत्र पहिल्यांदा येतं तेव्हा ते भंगार असतं. इंग्लंडमधल्या न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ मध्ये खाणीतलं पाणी उपसायला लागलं तेव्हा ते इतका कोळसा खायचं की कोळशाच्या खाणीच्या तोंडाशीच ते परवडायचं, दुसरीकडे कोणी दारात उभं केलं नसतं. ते टिकलं कारण तिथे दुसरा उपाय नव्हता, आणि टिकलं म्हणून पन्नासेक वर्षांनी जेम्स वॉटला ते सुधारता आलं. आता त्या खाणमालकाला महिन्यातून एकदा येऊन पाणी गायब करणारा जादूगार मिळाला असता तर? इंजिन जन्मलंच नसतं, आणि मग रेल्वे नाही, गिरण्या नाहीत. म्हणजे जादू यंत्राला लढाईत हरवत नाही, ती त्याचं बाळपणच खाऊन टाकते. म्हणून तुमच्या जगाची लेव्हल काढताना यादी करा की जादूगार कुठली कामं करतात, आणि बरोब्बर त्या कामांच्या आसपासची यंत्रं मागासलेली ठेवा. जिथे जादूगार पोचत नाहीत किंवा ज्याला ते हात लावणं कमीपणाचं समजतात, तिथली यंत्रं मात्र खुशाल पुढे जाऊ द्या. याने जग उलट जास्त खरं वाटतं.

आणि हो, एकच शतक निघायला हवं हा हट्ट सोडा. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांकडे लोखंड नव्हतं, चाकाच्या गाड्या नव्हत्या, आपण म्हणतो तशी लिपी नव्हती, हिशोब दोऱ्यांच्या गाठींवर, आणि तरी डोंगरांतून हजारो किलोमीटरचे बांधीव रस्ते आणि दोन दगडांमध्ये पातं जाणार नाही असं बांधकाम. उलट ग्रीसजवळच्या समुद्रात १९०१ मध्ये एका बुडालेल्या जहाजातून दातेरी चाकांचं एक यंत्र निघालं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, ग्रहणं सांगणारं, आणि त्या तोडीचं काही पुढे हजारेक वर्षं कुणी केल्याचं दिसत नाही. टेक्नॉलॉजी म्हणजे जिना नाही की सगळे त्याच पायऱ्या त्याच क्रमाने चढतील.

पण एक वस्तू दुसरीला ओढून आणते हे मात्र खरं, आणि तुमची गडबड तिथे आहे. घड्याळाचंच बघा. नुसतं घड्याळ म्हटलंत तर चौदाव्या शतकात चालेल, मनोऱ्यावर टोले देणारं, एकच काटा असलेलं, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे जाणारं. पण तुमच्या तिसऱ्या प्रकरणात खुनी 'बरोबर सात मिनिटांनी' दार उघडतो. सात मिनिटं! लंबकाचं घड्याळ हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये केलं, त्यानंतर कुठे मिनिटकाटा लावण्यात अर्थ आला. खुन्याला टोल्यांवर काम करायला सांगा, सीन जास्त चांगला होईल.

खिडकी केवढी ते सांगा. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले तळहाताएवढे, हिरवट, मधे भोवरा असलेले तुकडे असतील तर चिलखताच्या काळात चालतं. पण त्यातून रस्ता धड दिसत नाही, माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसतात. एकसंध मोठी काच ओतून घासून करायची रीत फ्रान्समध्ये १६८८ च्या सुमाराची, आणि तीही राजेरजवाड्यांसाठी, सराईसाठी नाही. नायिकेला खिडकी उघडून बघू द्या.

पुस्तकांचा घोळ छोटा आहे, हजारो पुस्तकं म्हणजे एक तर छपाई (गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या आसपास) किंवा नकला करणाऱ्यांची फौज, पण दोन्हीकडे स्वस्त कागद लागतोच. कागदाचा कारखाना म्हणजे चिंध्या, पाणचक्की आणि वास, नदीकाठी एक दाखवून टाका, झालं.

आणि आता तो स्क्रू. तुमच्या अख्ख्या कादंबरीत ड्रॅगनपेक्षा अचाट वस्तू तीच आहे, खरंच. जुने स्क्रू कानशीने घासून हाताने करायचे, प्रत्येकाचे आटे वेगळे, एकाच कारागिराने एकाच दिवशी केलेले दोन स्क्रूसुद्धा एकमेकांच्या जागी बसतील याची खात्री नाही. एकसारखे आटे पाडणारं लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) मॉडस्ले या इंग्रज कारागिराने १८०० च्या सुमारास उभं केलं आणि सगळ्यांनी एकच माप वापरू या असं व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरने सुचवलं ते १८४१ मध्ये. दुसऱ्या दाराचा स्क्रू काढला आणि कुलपाला बसला, या अर्ध्या वाक्यामागे लेथ आहे, लेथमागे चांगलं पोलाद आहे, मापं ठरवणारी माणसं आहेत. दुसऱ्या मित्राने अठरावं म्हटलं ते याच वाक्यामुळे असणार, आणि तोही एका शतकाने कमीच पडला.

माझ्या हिशोबाने तुमचं जग साधारण १४५० चं आहे, दारू वजा केलेलं, आणि त्यात एक स्क्रू १८४१ मधून हरवून आलाय. स्क्रू काढा, खिळा घाला. खिळा उपटायला तिला जोर लावावा लागेल, आवाज होईल, बाहेरचा पहारेकरी वळून बघेल.

प्रश्न : माझ्या कथेत जादूने हवेत तरंगणारी शिडाची जहाजं आहेत. म्हणजे ते जग विमानाच्या काळातलं धरायचं का? आणि वादळात शीड फाटलं की कप्तान 'दुसरं चढवा' म्हणतो, एवढंच दाखवलंय, तेवढं पुरे ना? जहाजावर फाटक्या कपड्यातला एक अनाथ पोरगाही आहे.

उत्तर : नाही, उडण्यावरून काळ ठरत नाही. फ्रान्समध्ये माँगोल्फिए भावांनी १७८३ मध्ये बलून उडवला तो कापड, कागद आणि आग यांच्यावर, आणि हे तिन्ही त्याआधी शेकडो वर्षं मिळत होतं. काळ ठरतो जहाजाच्या फळ्या, दोर, खिळे यांच्यावरून.

पण शिडाचा एक लोचा आहे. पाण्यातलं जहाज वाऱ्याला तिरकं कापून जातं कारण खालून पाणी त्याला आडवं सरकू देत नाही. हवेत तरंगणारं जहाज वाऱ्याबरोबरच वाहत जाणार, बलूनमध्ये बसलेल्याला वारा लागत नाही तसं, आणि शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबणार. तेव्हा जादूने जहाज नुसतं उचलून चालणार नाही, काहीतरी धरूनही ठेवायला हवं, ते एकदा ठरवून घ्या.

आणि 'दुसरं चढवा' एवढ्यावर भागत नाही हो. मी एकदा हौसेने टकळीवर सूत कातून पाहिलंय, अख्ख्या दुपारी जेमतेम एक गुंडी, दर वितीला तुटलेली, आणि तीही कुठे जाड कुठे बारीक. वायकिंग पद्धतीची लोकरीची शिडं हाताने करून बघणाऱ्यांचं म्हणणं असं की जहाज बांधण्यापेक्षा शीड करायला जास्त वेळ जातो. मग हे दुसरं शीड आलं कुठून? तुमच्याकडे सूत कातणारी जादू असेल तर तसं सांगा, पण मग त्या जगात कापड इतकं स्वस्त होईल की तुमचा तो फाटक्या कपड्यातला अनाथ पोरगा पहिल्या पानापासून बदलावा लागेल. नसेल तर कप्तानाला सुई-दोरा द्या आणि रात्रभर फाटलेलंच शिवायला बसवा.