वाड्याचा गिलावा: सिमेंट नको

गवंडी म्हणेल, "सिमेंट मारू, काम पक्कं." ऐकू नका. जुनी वीट ओल शोषते नि सोडते; सिमेंट ती आत कोंडतं, मग पापुद्रे सुटतात, पांढरे क्षार फुटतात. आधी ओलीचं मूळ शोधा: फुटकी पन्हळ, गळकी मोरी.

गिलावा चुन्याचाच करा. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतले कोरडे खडे, विरवताना पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो रटरट उकळतो, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग पाण्याखाली निदान महिनाभर मुरवा. एक भाग चुना, तीन भाग वाळू. भिंत भिजवून १० मिलिमीटरच्या आसपास थर द्या, ओल्या गोणपाटाने झाका. वैशाखात तर हे काम काढूच नका, तडे जाणारच. चुन्यात गूळ-बेलफळाचं पाणी घालायचे जुने प्रयोग नंतर. वरून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक पेंट अजिबात नको.