पिनमधलं भोक आणि अक्षरांतला फोटो

प्रश्न : पॉवरपॉइंटमध्ये नकाशावर असते तशी थेंबाच्या आकाराची पिन हवी आहे, मध्ये आरपार भोक असलेली. थेंबावर गोल ठेवून ‘सबट्रॅक्ट’ केलं, तर दोन्ही आकार गायब होतात.

उत्तर : निवडीचा क्रम उलटा झाला आहे. आधी निवडलेला आकार राहतो, नंतरचा त्यातून वजा होतो. तुम्ही गोल आधी निवडलात. तो अख्खा थेंबाच्या पोटात असल्यामुळे वजाबाकीत काहीच उरलं नाही.

कंट्रोल-झेड करून पुन्हा सुरुवात करा. ‘टिअरड्रॉप’ (थेंबाचा तयार आकार) 4 बाय 4 सेंमी घ्या. त्याचं टोक वर उजवीकडे असतं. रोटेशन 135 अंश दिलं की ते सरळ खाली येतं. त्यावर 1.6 सेंमीचा गोल ठेवा. दोन्ही निवडून ‘अलाइन सेंटर’ आणि ‘अलाइन मिडल’ द्या. मग रिकाम्या जागी क्लिक करून निवड काढून टाका. आता आधी थेंबावर क्लिक, नंतर शिफ्ट दाबून गोलावर, आणि ‘शेप फॉरमॅट’ टॅबमधलं ‘मर्ज शेप्स’, त्यात ‘सबट्रॅक्ट’. माउसने चौकट ओढून निवडू नका, पहिला कोणता ते हातात राहत नाही.

कापण्याआधी कंट्रोल-डी करून दोन्हींची प्रत स्लाइडच्या बाहेर ठेवाच. फाइल बंद केल्यावर गोल परत वेगळा काढता येत नाही, भोक जरा वर सरकवायचं म्हटलं तरी सगळं नव्याने करावं लागतं. नुसता पांढरा गोल चिकटवून भागवू नका. पांढऱ्या स्लाइडवर तो खपून जातो, पण मागे फोटो आला की डाग दिसतो.

प्रश्न : अक्षरांच्या आत फोटो दिसावा, असं शीर्षक कसं करायचं?

उत्तर : जाड फाँट घ्या, 150 पॉइंटच्या पुढे, बारीक रेषांत फोटो ओळखूच येत नाही. मजकूर फोटोवर ठेवा, आधी फोटो निवडा, मग मजकुराची चौकट, आणि ‘मर्ज शेप्स’मधलं ‘इंटरसेक्ट’, म्हणजे दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तेवढाच भाग उरतो. यानंतर अक्षरं टाइप करून बदलता येत नाहीत, म्हणून शुद्धलेखन आधीच तपासा.

प्रश्न : ‘मर्ज शेप्स’ राखाडीच दिसतं, दाबलं जात नाही.

उत्तर : एकच वस्तू निवडलेली असेल, किंवा निवडीत ग्रुप, टेबल अथवा चार्ट असेल. ग्रुप कंट्रोल-शिफ्ट-जीने सोडवा. स्मार्टआर्ट (पॉवरपॉइंटमधली तयार आकृती) असेल तर आधी ‘कन्व्हर्ट टू शेप्स’, मग अनग्रुप.