प्राप्तिकर नसलेल्या केमन बेटांवर सरकार चालते कशावर, आणि तिथली नोकरी घ्यावी का?

कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवर मिळालेली लेखापालाची नोकरी स्वीकारावी का, आणि पगारावर कर नसेल तर तिथले सरकार खर्च भागवते कसे, असे आपण विचारले आहे. मी तिथल्या राजधानीत, जॉर्ज टाउनमध्ये, सहा वर्षे हेच काम केले आहे आणि 'करमुक्त बेट' हे शब्द ऐकले की मला अजूनही राग येतो. तिथे प्राप्तिकर नाही, जीएसटीसारखा करही नाही. परंतु धक्क्यावर उतरणाऱ्या बहुतेक मालावर साधारण २२ टक्के आयातशुल्क आहे, आणि बेटावर फारसे काही पिकत किंवा बनत नसल्यामुळे ते टाळायला वाव नाही.

मला ते मिक्सरने शिकवले. पहिल्याच वर्षी मी पुण्याहून ११० व्होल्टवर चालणारा, साडेसात हजार रुपयांचा मिक्सर मागवला. खोके बांधताना थोरले मेहुणे म्हणाले, "घरचीच वस्तू आहे, भेट म्हणून किंमत शून्य लिहू," आणि मीही इकडे त्याच मजकुराखाली सही केली. सीमाशुल्काच्या खिडकीवरील बाईंनी खोके उघडून त्यावर छापलेली एमआरपी शांतपणे वाचली आणि वाहतुकीची पावती मागितली, ती होती नऊ हजारांची. शुल्क वस्तूची किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागते, त्यामुळे विमा नसतानाही १६,५०० रुपयांवर ३,६३० रुपये भरावे लागले, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्या प्रवासावरच अधिक. बाईंचे काही चुकले नव्हते. लेखापाल असून खोट्या किमतीखाली सही करणारा मी होतो.

मेहुणे मात्र आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की मी सहा वर्षे फुकट राहिलो. १७९४ साली दहा जहाजे खडकावर फुटली, बेटवासीयांनी खलाशांना वाचवले आणि ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जने त्यांना कायमची करमाफी दिली, ही गोष्टही ते ऐकवतात. जहाजे फुटली हे खरे आहे, पण माफीचा कागद कुणाला सापडलेला नाही. माझे म्हणणे असे की तिथला कर कमावणाऱ्यावर नसून खर्च करणाऱ्यावर आहे, आणि म्हणून तो अधिक अन्यायकारक आहे: सगळा पगार बाजारात घालवणारी मोलकरीण आणि निम्मा पगार शिल्लक टाकणारा फंड व्यवस्थापक एकाच इस्त्रीवर सारखेच शुल्क भरतात. काही मूलभूत खाद्यपदार्थांना सूट आहे, हे इथे नमूद करायला हवे. उरलेला बराचसा महसूल कंपन्या व गुंतवणूक फंडांचे नोंदणीशुल्क, घरखरेदीवरील मुद्रांकशुल्क आणि परदेशी कामगारांच्या परवान्यांचे शुल्क यांतून येतो. यांतील परवान्याचा खर्च मालकाने करायचा असतो, तो आपल्या पगारातून कापू देऊ नका.

नोकरी घ्या, मात्र पगाराची तुलना पुण्याच्या नव्हे, तिथल्या दुकानांतील भावांशी करा. आणखी एक गोष्ट: आपण भारतीय नागरिक असाल आणि भारतातील उत्पन्न वर्षाला १५ लाखांच्या वर असेल, तर दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र नसल्यामुळे २०२० च्या दुरुस्तीनंतर आपल्याला भारताचे निवासी मानले जाऊ शकते. मात्र असा निवासी 'सामान्यतः निवासी नसलेला' या प्रकारात गणला जातो, त्यामुळे तिथल्या पगारावर सहसा भारतात कर लागत नाही, पण विवरणपत्र भरण्यापूर्वी सनदी लेखापालाला जरूर विचारा. हा नियम मेहुण्यांच्या वाचनात अजून आलेला नसावा, नाहीतर एव्हाना मला फोन आला असता.